सर्वांत मोठा भूकंप कोणता, आणि त्याचा खरा आकडा इतका उशिरा का कळतो?

विचारलेलं असं आहे: आजवरचा सर्वांत शक्तिशाली भूकंप कोणता? एकाच भूकंपाचा आकडा कुठे ९.१ तर कुठे ९.३ असा का दिसतो? ९.५ म्हणजे किल्लारीच्या ६.२ च्या दीडपट समजायचं का? आणि १० चा भूकंप होऊ शकतो का?

यंत्रांनी नोंदलेल्या भूकंपांत पहिला क्रमांक निर्विवाद आहे: दक्षिण चिली, २२ मे १९६०, ९.५. त्यानंतर अलास्का (२७ मार्च १९६४, ९.२), सुमात्रा-अंदमान (२६ डिसेंबर २००४) आणि जपानचा तोहोकू (११ मार्च २०११) हे दोन्ही ९.१ च्या आसपास, मग रशियाचा कामचात्का (नोव्हेंबर १९५२, ९.०). त्याखाली ८.८ चा गट येतो. त्यात १९०६ चा इक्वेडोर-कोलंबिया, २०१० चा चिलीतलाच मौले आणि जुलै २०२५ मध्ये पुन्हा कामचात्काजवळ झालेला भूकंप आहेत. १५ ऑगस्ट १९५० च्या संध्याकाळी आसाम-तिबेट सीमेवर झालेला ८.६ चा भूकंप हा जमिनीवर, म्हणजे समुद्रापासून दूर नोंदलेला सर्वांत मोठा.

दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सुमात्राला काही जण ९.३ देतात. पण ९.३ धरला तरी तो चिलीच्या निम्माच भरतो, त्यामुळे पहिला क्रमांक हलत नाही. हे 'निम्मा' कुठून आलं, ते समजलं की बाकीचे प्रश्न आपोआप सुटतात.

आधी शब्दांचा एक घोळ. बातम्यांत 'रिश्टर स्केलवर तीव्रता ९' असं सर्रास छापलं जातं. तीव्रता ही जागेची असते: किल्लारीत वेगळी, सोलापुरात वेगळी, पुण्यात वेगळी. भूकंपाच्या उगमाशी नेमकं किती घडलं, याचा एकच आकडा म्हणजे महत्ता (मॅग्निट्यूड). आणि चार्ल्स रिश्टरने १९३५ साली बनवलेली मोजपट्टी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या, यंत्रापासून काहीशे किलोमीटरच्या आतल्या भूकंपांसाठी होती. मोठ्या भूकंपांना ती लावतच नाहीत. आज दिसणारा आकडा 'मोमेंट मॅग्निट्यूड'चा असतो. ही पद्धत भूकंपशास्त्रज्ञ हिरू कानामोरी यांनी १९७७ मध्ये मांडली आणि टॉम हँक्स यांच्यासोबत १९७९ मध्ये पक्की केली.

तिचं गणित तीन गोष्टींवर उभं आहे: किती क्षेत्रफळाचा भ्रंश (खडकातली सरकणारी भेग) सरकला, सरासरी किती मीटर सरकला आणि तिथला खडक किती ताठर आहे. तिघांचा गुणाकार म्हणजे भूकंपीय आघूर्ण. चिलीसाठी ढोबळ आकडे घालून पाहा. लांबी ८०० किलोमीटर, उताराच्या दिशेने रुंदी २०० किलोमीटर, सरासरी २४ मीटर सरकणं आणि ताठरता ५ गुणिले १० चा दहावा घात पास्कल. गुणाकार येतो सुमारे २ गुणिले १० चा २३ वा घात न्यूटन-मीटर. त्याचा १० च्या पायाचा लॉगरिदम २३.३. त्यातून ९.१ वजा करा आणि २/३ ने गुणा. उत्तर ९.५.

सूत्रात २/३ असल्यामुळे महत्ता १ ने वाढली की आघूर्ण, आणि ढोबळमानाने ऊर्जाही, सुमारे ३२ पट होते. ०.२ चा फरक म्हणजे दुप्पट. म्हणून ९.३ हा ९.५ च्या निम्मा. किल्लारीचा ६.२ आणि चिलीचा ९.५ यांत ३.३ चं अंतर आहे, म्हणजे चिली सुमारे ९० हजार पट मोठा. १९०० नंतरच्या जगातल्या सगळ्या भूकंपांचं आघूर्ण एकत्र केलं, तर अंदाजे पाव हिस्सा चिलीच्या त्या एकट्या दुपारचा आहे.

आता जुन्या याद्यांमधली गडबड. कानामोरींच्या आधी मोठ्या भूकंपांची महत्ता २० सेकंद आवर्तकाळाच्या पृष्ठलहरींवरून (जमिनीच्या पृष्ठभागालगत पसरणाऱ्या लहरींवरून) काढत. अशा लहरीची लांबी साधारण ६० ते ७० किलोमीटर. सरकलेला भ्रंश त्याहून कितीतरी लांब असेल तर त्या लहरीला तो 'दिसत'च नाही. दोर दहा हातांचा आणि विहीर तीस हातांची असेल, तर प्रत्येक खोल विहीर दहा हातांचीच भरणार, तसं हे आहे. त्या पद्धतीने १९०६ चा सॅन फ्रान्सिस्को ८.३ आणि १९६० चा चिलीही ८.३ च्या आसपास! प्रत्यक्षात सॅन फ्रान्सिस्को ७.९ निघाला, म्हणजे चिलीच्या सुमारे अडीचशेव्या हिश्शाएवढा. जुन्या पुस्तकांतले आकडे आजच्या यादीशेजारी ठेवून तुलना करू नका.

चिलीत नेमकं काय झालं? नाझ्का हा समुद्रतळाचा भूपट्ट दक्षिण अमेरिकेखाली वर्षाला साधारण ७ सेंटीमीटर वेगाने घुसतो. दोन्हींमधला सांधा बहुतेक काळ अडकलेला असतो आणि वरचा किनारा स्प्रिंगसारखा दाबला जातो. त्या भागात याआधीचे मोठे भूकंप १८३७, १७३७ आणि १५७५ चे. १८३७ ते १९६० ही १२३ वर्षं, म्हणजे साठलेलं सरकणं जेमतेम साडेआठ मीटर. मग एका दिवसात सरासरी वीस-पंचवीस मीटर कुठून आलं? १५७५ पासून मोजा: ३८५ वर्षं गुणिले ७ सेंटीमीटर, सुमारे २७ मीटर. मधल्या दोन भूकंपांनी हप्ते भरले होते, पण थकबाकी राहिली होती. किनाऱ्यावरच्या दलदलीतले गाळाचे थर तपासल्यावर याला दुजोरा मिळाला: १५७५ चा खूण सोडून गेलेला आहे, १७३७ आणि १८३७ च्या खुणा तशा नाहीत. 'इथे शंभर वर्षांपूर्वी मोठा होऊन गेला, आता धोका नाही' हे म्हणणं किती कच्चं आहे, ते या एका हिशेबातून दिसतं.

२१ मेच्या पहाटे कन्सेप्सियोनजवळ ८.१ चा भूकंप झाला. २२ मेच्या दुपारी, मुख्य धक्क्याच्या सुमारे पाव तास आधी आणखी एक जोरदार हादरा बसला आणि माणसं घराबाहेर पडली. ३ वाजून ११ मिनिटांनी मुख्य भूकंप सुरू झाला तेव्हा बरेच जण उघड्यावर होते. इतक्या प्रचंड भूकंपात मृतांचा आकडा (अमेरिकेची भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था यूएसजीएस हिच्या मते १,६५५) त्या मानाने कमी राहिला, याचं ते एक मोठं कारण. वाल्दिव्हिया शहर आणि आजूबाजूची जमीन सुमारे २ मीटर खचली. नदीकाठची कुरणं कायमची पाण्याखाली गेली. आज तिथे पाणथळ अभयारण्य आहे. ३८ तासांनी कोर्दोन काउयेचा ज्वालामुखी फुटला.

त्सुनामीचा वेग काढायला कागद-पेन्सिल पुरते: गुरुत्वाकर्षण गुणिले समुद्राची खोली, त्याचं वर्गमूळ. ४,००० मीटर खोलीवर हे येतं सेकंदाला सुमारे १९८ मीटर, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरच्या वर. चिलीची लाट सुमारे १५ तासांनी हवाईतल्या हिलो शहरात पोहोचली आणि ६१ जण गेले. तिथे भोंगे काही तास आधीच वाजले होते. पहिल्या लाटा लहान आल्या, लोक थांबून राहिले, आणि सर्वांत मोठी लाट रात्री एकच्या सुमारास आली. तीच लाट जवळपास २२ तासांनी जपानच्या किनाऱ्यावर गेली. भूकंप कुणालाच जाणवला नव्हता, इशारा वेळेवर मिळाला नाही, आणि सुमारे १४० माणसं गेली. संपूर्ण प्रशांत महासागरासाठी देशोदेशींची समन्वित इशारा व्यवस्था यानंतर, १९६५ मध्ये उभी राहिली.

या भूकंपातला फारसा माहीत नसलेला भाग रिनिहुए सरोवराचा आहे, आणि तो प्रत्येक अभियंत्याने वाचावा असा आहे. दरडी कोसळून सरोवरातून निघणाऱ्या सान पेद्रो नदीचं तोंड बंद झालं. पाणी चढू लागलं. दर मीटरला २ कोटी घनमीटर या हिशेबाने २४ मीटरचा मातीचा बांध ओलांडला गेला असता, तर ४८ कोटी घनमीटर पाणी आधीच मोडलेल्या वाल्दिव्हियावर सुटलं असतं. १५७५ च्या भूकंपानंतर अगदी हेच झालं होतं: तसाच बांध काही महिन्यांनी फुटला होता. १९६० मध्ये अभियंता राउल साएस यांच्या देखरेखीखाली २७ बुलडोझर लावले गेले, पण ते चिखलात रुतू लागले. मग बांधाजवळचं काम माणसांनी फावड्यांनी केलं. वरच्या सरोवरांचं पाणीही अडवून धरलं, म्हणजे रिनिहुएत भर कमी पडेल. बांधाचा माथा २४ वरून १५ मीटरवर आणला आणि पाणी टप्प्याटप्प्याने सोडलं. सखल भागात पूर आलाच, पण लोंढा टळला. १९५० च्या आसाम भूकंपात सुबनसिरी नदीवर असाच दरडींचा बांध बनला आणि आठ दिवसांनी फुटून खालची गावं वाहून गेली. डोंगराळ भागात मोठा भूकंप झाला की हादरा थांबल्यावर नदीकडे बघायचं: पात्रातलं पाणी अचानक कमी झालं, तर वर कुठेतरी ते साठतं आहे.

९ च्या पुढचे सगळे भूकंप एकाच प्रकारच्या जागी होतात: समुद्रतळाचा भूपट्ट दुसऱ्याखाली अगदी कमी कोनात सरकतो तिथे, म्हणजे सबडक्शन झोनमध्ये. कोन कमी असल्यामुळे ठिसूळ, अडकणारा पृष्ठभाग १५०-२०० किलोमीटर रुंद मिळतो. सॅन अँड्रियाससारख्या उभ्या भ्रंशाला जेमतेम १५-२० किलोमीटर खोली मिळते. लांबी कितीही असली तरी क्षेत्रफळ भरत नाही. हे कळलं अलास्कामुळे. १९६४ च्या भूकंपानंतर भूवैज्ञानिक जॉर्ज प्लाफकर यांनी किनारे पिंजून काढले आणि मोजपट्टी म्हणून वापरले खडकाला चिकटणारे बार्नॅकल. हे कवचधारी जीव भरतीरेषेच्या ठरावीक उंचीपर्यंतच जगतात. जमीन वर उचलली गेली की त्यांचा पांढरा, मेलेला पट्टा पाण्याच्या वर लटकलेला दिसतो. पट्टा आणि नवी भरतीरेषा यांतलं अंतर म्हणजे उचल. मॉंटेग्यू बेटाच्या एका भागात ती ११ मीटरहून अधिक भरली; उलट, दूर आतल्या बाजूला जमीन सुमारे २ मीटर खचलेली होती. उचल आणि खचण्याचा हा जोडपट्टा कमी कोनाच्या सरकण्यानेच जुळतो.

हीच सही आपल्याकडे अंदमान-निकोबारला उमटली. २००४ मध्ये ग्रेट निकोबारचं टोक इंदिरा पॉइंट ४.२५ मीटर खचलं आणि दीपगृहाचा पाया पाण्यात गेला. उत्तर अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र प्रवाळ पाण्याबाहेर येऊन वाळून मेलं.

यंत्रांच्या आधीच्या भूकंपांनाही अशाच खुणांवरून पकडतात. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचा कॅस्केडिया भूकंप तर तारखेसकट सापडला आहे: २६ जानेवारी १७००, रात्री नऊच्या सुमारास. खचलेल्या खाड्यांत मेलेले सीडार वृक्ष अजून उभे आहेत, आणि त्यांच्या शेवटच्या वलयांवरून ते १६९९ च्या वाढीच्या हंगामानंतर, पुढचा हंगाम सुरू होण्याआधी मेले हे कळतं. त्याच हिवाळ्यात जपानच्या नोंदींत एक अनाथ त्सुनामी आहे, भूकंप न जाणवता आलेली. लाटेचा प्रवासवेळ उलटा मोजून रात्र आणि तास मिळाला. महत्ता ८.७ ते ९.२ मध्ये धरतात.

आता १० चा प्रश्न. १० साठी चिलीच्या साडेपाच-सहा पट आघूर्ण लागेल. रुंदी २०० किलोमीटर आणि सरकणं सरासरी ३० मीटर असं उदारपणे धरलं, तरी लांबी ४,२०० किलोमीटरच्या आसपास हवी, सलग. पेरू-चिलीची सागरी गर्ता लांबीने पुरते. पण वाटेत समुद्रतळावरच्या डोंगररांगा सांध्यात घुसलेल्या आहेत आणि भेग तिथे अडते. १९६० ची भेगसुद्धा दक्षिणेला ताइताओ द्वीपकल्पाशी, जिथे तीन भूपट्ट भेटतात, तिथे थांबली. भौतिकशास्त्र १० ला मनाई करत नाही, पण आज दिसणारी भूरचना त्याला जागा देत नाही. १२ किंवा १५ चे आकडे फिरतात, त्यांना आधार नाही.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पहिल्या अर्ध्या तासाचा मुद्दा. भेग एका क्षणात फुटत नाही. ती सेकंदाला साधारण अडीच किलोमीटर वेगाने पुढे जाते. सुमात्राची १,३०० किलोमीटरची भेग पूर्ण व्हायला आठ-नऊ मिनिटं लागली. पहिल्या मिनिटाअखेर जेमतेम दीडशे किलोमीटर सरकलं होतं. त्या क्षणी कुणी महत्ता काढली, तर ती अपुरी येणारच, कारण भूकंपच अपुरा आहे! हवाईतल्या इशारा केंद्राने पंधरा मिनिटांनी ८.०, तासाभराने ८.५ असा आकडा दिला. ९ च्या जवळचा आकडा काही तासांनी आला. आणि हिंद महासागरात इशारा पोहोचवणारी व्यवस्थाच नव्हती. तामिळनाडूच्या किनाऱ्याला लाट पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला होता. तो वेळ वाया गेला. हैदराबादच्या इन्कॉइसमधलं (भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रातलं) त्सुनामी इशारा केंद्र ऑक्टोबर २००७ पासून चालू आहे ते यामुळे.

जपानकडे २०११ मध्ये जगातलं सर्वांत दाट जाळं होतं, तरीही तीच चूक झाली. तीन मिनिटांत दिलेला पहिला आकडा ७.९. त्यावरून मियागीसाठी ६ मीटर, इवाते आणि फुकुशिमासाठी ३ मीटर लाटेचा इशारा गेला. पंधरा मिनिटांत मोमेंट मॅग्निट्यूड काढून दुरुस्ती करायची असं ठरलेलं होतं, पण जपानमधल्या संवेदनशील यंत्रांच्या नोंदी इतक्या मोठ्या हालचालीत काट्याबाहेर गेल्या, गणित होईना. समुद्रातल्या उपकरणांवरून इशारा वाढवला तोवर २८ मिनिटं झाली होती, वीज गेली होती, आणि '३ मीटर' ऐकून किनाऱ्यावरच्या संरक्षक भिंतीआड थांबलेले बरेच जण थांबलेलेच होते. काही ठिकाणी पाणी ४० मीटर उंचीपर्यंत चढलं. २०१३ पासून जपानने पद्धत बदलली: भूकंप ८ च्या वरचा वाटला आणि आकड्याची खात्री नसेल, तर पहिल्या इशाऱ्यात मीटर सांगतच नाहीत, फक्त 'महाकाय' लाट असा शब्द वापरतात. ही सुधारणा मला कुठल्याही नव्या यंत्राइतकी मोलाची वाटते. आता १०० ते १,००० सेकंदांच्या संथ लहरींवरून (डब्ल्यू-फेज) वीस-पंचवीस मिनिटांत भरवशाची महत्ता मिळते, आणि जीपीएस केंद्रं जमीन प्रत्यक्ष किती सरकली ते थेट सांगतात.

म्हणून बातमी वाचताना इतकं तपासा. आकड्याशेजारी 'एमडब्ल्यूडब्ल्यू' (Mww) असेल तर तो डब्ल्यू-फेजचा. 'एमबी' (mb, कमी लांबीच्या लहरींवरून काढलेला) असेल तर तो मोठ्या भूकंपाला कमीच दाखवणार. खोली बरोब्बर १० किलोमीटर दिसली, तर ती बहुधा गृहीत धरलेली आहे. वेळ जागतिक असेल तर साडेपाच तास मिळवा. कामचात्काचा २०२५ चा भूकंप कुठे २९ जुलै तर कुठे ३० जुलै दिसतो तो यामुळेच.

महत्ता आणि मृत्यू यांचं नातं फार सैल आहे. १५५६ चा चीनमधला शान्शी भूकंप ८ च्या आसपासचा. मृत्यू ८ लाख ३० हजार सांगितले जातात, कारण माणसं मऊ पिवळ्या मातीच्या कड्यांत कोरलेल्या घरांत राहत होती. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ च्या भूकंपाने जवळपास १० हजार माणसं नेली: उगम उथळ, वेळ झोपेची, आणि घरं जाड दगडांची, मातीत रचलेली, वर मातीचं भारी माळवद. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना सांधणारे आडवे दगड नसले की हादऱ्यात दोन्ही थर फाकतात आणि माळवद सरळ खाली येतं. उलट, २०१२ च्या एप्रिलमध्ये सुमात्राच्या पश्चिमेला ८.६ चा भूकंप झाला, पण भ्रंश आडवा सरकला, समुद्रतळ फारसा उचलला गेला नाही, आणि मोठी त्सुनामी आलीच नाही.

महाराष्ट्राच्या जमिनीखाली ९ चा भूकंप देऊ शकेल असा सांधा नाही. कोयना किंवा किल्लारीचे भ्रंश त्यासाठी फारच लहान. पण कोकण किनाऱ्यासमोर अरबी समुद्राच्या उत्तरेला, पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यालगत, मकरान सबडक्शन झोन आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे तिथे ८.१ चा भूकंप झाला आणि काही तासांनी, सकाळी, सुमारे २ मीटरची लाट मुंबईत पोहोचून माणसं वाहून गेली. मुंबईला, रत्नागिरीला तो हादरा जाणवेलच असं नाही, त्यामुळे तिथे इन्कॉइसचा इशारा हाच आधार. अंदमानात मात्र यंत्राची वाट बघू नये: हादरा सुरू होताच सेकंद मोजा, आणि तो मिनिटभराहून लांबला किंवा उभं राहता येईना, तर थांबताक्षणी उंचावर जा आणि तिथेच थांबा. १९५२ मध्ये कुरील बेटांवरच्या सेवेरो-कुरील्स्कचे लोक पहिल्या लाटेआधी टेकडीवर पोहोचले होते. पाणी ओसरल्यावर ते घरं बघायला खाली उतरले, आणि दुसरी लाट पहिलीहून मोठी होती.